कृतज्ञता आणि स्वत्व

कृतज्ञता मुलाला शिकवावी लागते, की ती त्याच्यात आपोआप रुजते? आपल्याकडे उपकार स्मरणारे मूल म्हणजे मान खाली घालून वागणारे मूल, असा समज दृढ आहे. दोन बालपणांच्या आधारे तो तपासून पाहता येईल.

पालगडच्या साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्या घरात दारिद्र्य होते. परंतु आईच्या कठोरपणालाही वात्सल्याचा ओलावा होता. म्हणूनच श्यामची कृतज्ञता सहज वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत निराळाच अनुभव आला. तेथे नळाला हात लावण्याची त्यांना मनाई होती; शिपाई नसला, की तहानलेलेच राहावे लागे. घरात मात्र शिक्षणाची आस होती. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा १९२३ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस कृतज्ञतापूर्वक अर्पण केला. त्यांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत, डॅनियल ओकॉनेल या आयरिश नेत्याचा दाखला देत, स्वाभिमान गहाण टाकून कोणी कृतज्ञ राहू शकत नाही, असे बजावले.

या दोन कृतींत विसंगती नाही. जे मायेने मिळाले, त्याचे ऋण मूल आपणहून मानते. ज्या समाजाने पाणीही नाकारले, त्याला मात्र त्या मुलाकडून नम्रतेची अपेक्षा करण्याचा अधिकार उरत नाही. मुलांच्या कृतघ्नतेविषयी खंत करण्यापूर्वी त्यांच्या ओंजळीत आपण काय घातले, हे वडीलधाऱ्यांनी स्वतःलाच विचारावे.