अठरा पूर्ण झाल्यावर

मराठवाड्यातला मुलगा अठराव्या वर्षी घर सोडतो, तो बहुधा शिकायला. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला गेला, तरी खोलीचं भाडं घरून येतं, दिवाळीला त्याची वाट पाहिली जाते, नापास झाला तर रागावणारं कुणीतरी असतं. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलाला यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. त्याला सांभाळणं समाजाची जबाबदारी आहे, हे आपण मान्य केलं. पण ती कुठवर?

याचं पूर्ण उत्तर फार पूर्वी दिलं गेलं होतं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे आश्रयाला आलेल्या काशीबाईंचा, १८७४ साली जन्मलेला मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. यशवंतचा जीव वाचला एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्याला शिकवलं, डॉक्टर केलं, त्याचं लग्न लावून दिलं. १८९७च्या प्लेगात तोच सावित्रीबाईंसोबत रुग्णसेवेला उभा राहिला.

पुढे संस्था वाढल्या, कायदे आले. कायद्याला वयाची रेषा आखावीच लागते. पण बालपण संपल्याची ती रेषा नकळत आधार संपल्याची रेषा झाली. ही चूक आपल्याला हळूहळू उमगली. २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४६ने अठरानंतरच्या अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यावरच्या आधाराची, तरतूद केली. २०१६च्या नियमांनी एकविसाव्या आणि अपवादात्मक स्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत मदत, सहा ते आठ जणांची सामूहिक निवास व्यवस्था आणि प्रशिक्षणकाळात विद्यावेतन सुचवलं. गोव्यातल्या अनाथालयात वाढलेल्या अमृता करवंदे यांच्या पाठपुराव्यामुळे २०१८ साली महाराष्ट्राने अनाथांना शिक्षण आणि शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिलं. कोविडमध्ये आईवडील गमावलेल्या मुलांसाठी २०२१ साली केंद्राने आखलेल्या योजनेत अठरा ते तेवीस या वयात दरमहा आर्थिक साहाय्य आहे आणि तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये. म्हणजे अठराव्या वर्षी कुणी स्वयंपूर्ण होत नाही, हे शासनानेच मान्य केलं आहे. मग जे न्याय्य ते प्रत्येक अनाथ मुलाला का नको?

पैशाइतकीच निकड आहे तयारीची, आणि ती चौदा-पंधराव्या वर्षी सुरू व्हायला हवी. संस्थेत जेवण वेळेवर ताटात येतं, कागदपत्रं कपाटात असतात, दवाखान्यात कुणीतरी नेतं. बाहेर पडल्यावर स्वयंपाक, बँक खातं, भाडेकरार, पगाराचा हिशेब हे सारं एकदम अंगावर येतं. घरमालक पहिला प्रश्न विचारतो, "ओळखीचं कोण आहे?"

जालना हे सळईचं आणि बियाण्यांचं शहर. इथे कारखाने आहेत, आयटीआय आहे, कुशल हातांची गरजही आहे. उद्योजकांनी बालगृहातल्या मुलामुलींना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावं. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने प्रत्येक मुलाचा आराखडा अठराच्या आधी तयार करून तो तेविसाव्या वर्षापर्यंत पाळावा. आणि वाचकहो, तुमच्यापैकी एखाद्याने एका मुलासाठी जामीन राहावं, सणाला त्याला घरी बोलवावं, त्याचा फोन उचलावा. यशवंतला जे मिळालं, ते मागण्याचा या मुलांना हक्क आहे.