डावा दिवा

साताऱ्याहून सिंगापूरला येऊन स्थिरावलेल्या एका गृहस्थांकडे १९८९ सालची लाल माझदा एमएक्स-५ होती. दोन माणसांची, उघड्या टपाची, बसकी गाडी. तिचे दिवे एरवी बॉनेटमध्ये मिटलेले असतात, बटण दाबलं की झाकणासकट वर येतात. १९३६च्या कॉर्ड ८१० या अमेरिकन गाडीत असे दिवे दांडा फिरवून हाताने उचलावे लागत. १९६२च्या लोटस एलानमध्ये ते इंजिनाच्या व्हॅक्यूमवर उठत. पुढे गाडीचं नाक बुटकं आणि दिव्याची उंची मात्र कायद्याने ठरलेली, या पेचावर तोच उपाय लागू पडला आणि मिटणारे दिवे स्पोर्ट्स गाडीची ओळखच झाले. माझदाच्या या पहिल्या पिढीत प्रत्येक दिव्याला स्वतःची मोटर असते. पुढच्या पिढीत दिवे उघडेच आले, आणि २००४नंतर जगात कुठल्याच मोठ्या कारखान्यातून मिटत्या दिव्यांची गाडी बाहेर पडली नाही. म्हणून ज्यांच्याकडे आहे ते तिला जपतात.

सिंगापूरमध्ये गाडी जपणं सोपं नाही. गाडी बाळगण्याचा परवाना १० वर्षांचा, तोही लिलावातून. ३५ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला जुन्या गाड्यांच्या खास योजनेत जागा मिळते, पण मग ती वर्षातून ४५ दिवसच रस्त्यावर आणता येते. उरलेले ३२० दिवस ही लाल गाडी तोआ पायोहमधल्या पार्किंगमध्ये कापडाखाली उभी असे. विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावरची हवा, बारा महिने पाऊस, बारा महिने दमट.

एका संध्याकाळी डावा दिवा उठला नाही. गृहस्थांनी एका गॅरेजात मोटर बदलून घेतली. दिवा उठू लागला आणि वर्ष सरायच्या आत पुन्हा बसला. आता वार्षिक तपासणी तोंडावर आलेली. त्यांनी जपानहून आणखी एक मोटर मागवली आणि खोकं बगलेत मारून लोरोंग ८ वरच्या एका गाळ्यात गेले. काळीअम्मनचं देऊळ आहे त्याच रस्त्यावर गॅरेजांची वस्ती आहे. तिथला चिनी मेस्त्री सत्तरी ओलांडलेला, सगळे त्याला अंकल म्हणत. सोबत गृहस्थांचा सहावीतला मुलगा होता. शनिवारी त्याची हिंदीची शिकवणी असे, पण ते सर त्याच आठवड्यात बंद केले होते.

“अंकल, मोटर आणलीय. तेवढी बसवून द्या.”

मेस्त्र्याने खोकं घेतलं आणि न उघडताच फळीवर ठेवलं. बॅटरीची तार काढली. मोटरच्या क्रँकपासून दिव्याच्या चौकटीपर्यंत जाणारी आखूड लिंक पान्याने सोडवली. आता दिव्याचा मोटरशी काही संबंध उरला नव्हता. मग तो मुलाला म्हणाला, “उचल.”

मुलाने दोन्ही हात लावले. दिवा तसूभर हलला नाही. मेस्त्र्याने उजवीकडची लिंकही सोडवली. तो दिवा मुलाने एका हाताने सहज वर नेला.

“बॉस, डावीकडे कितवी मोटर ही?”

“तिसरी होईल.”

“आणि हा सांधा कुणी पाहिला?”

गृहस्थ काही बोलले नाहीत. पाहिला नव्हता. दिवा उठत नाही म्हटल्यावर ज्याचं काम उचलायचं, त्याच्याकडेच सगळ्यांचं बोट गेलं होतं.

मेस्त्र्याने मेलेली मोटर बाहेर काढून उघडली. जळक्या वाइंडिंगचा वास आला. त्याने कार्बन ब्रश काढून दाखवले: जवळजवळ नवे. मोटर झिजून गेली असती तर ब्रश आधी संपले असते. ही झिजली नव्हती, जळली होती. दिव्याच्या चौकटीचे बुश पाणी पिऊन, वंगण सुकून जाम झाले होते. अडलेली मोटर जास्त करंट ओढते, तापते, आणि एक दिवस आतून जळते. तिच्या जागी दुसरी कितीही चांगली बसवा, ती त्याच सांध्याशी झगडून त्याच वाटेने जाणार. मोटरच्या टोकाशी एक गोल मूठ असते, वीज नसेल तर दिवा हाताने उचलण्यासाठी. तिच्यावरचं रबरी टोपण कधीच गळून पडलं होतं. तिथूनही पाणी आत जात होतं.

मग खरं काम सुरू झालं, आणि ते मोटरचं नव्हतं. मेस्त्र्याने सांध्यात गंज सोडवायचं तेल सोडलं आणि कॉफी प्यायला निघून गेला. गृहस्थांची घाई त्याला दिसत होती, तरीही गेला. परत येऊन हलक्या हाताने ठोकलं, पुन्हा तेल, पुन्हा थांबणं. मला या मेस्त्र्याबद्दल सगळ्यांत जास्त आदर वाटतो तो या थांबण्यामुळे. जाम झालेला सांधा जोराने सोडवला तर पिन तुटते.

त्या वेळात तो मुलाशी बोलत बसला.

“आज शाळा-शिकवणी काही नाही?”

“हिंदीचे सर बदलायचेत. आता तिसरे येणार.”

सिंगापूरच्या शाळेत मातृभाषा हा सक्तीचा विषय. मराठी त्या यादीत नाही, त्यामुळे मराठी घरांतली पुष्कळ मुलं हिंदी घेतात, आणि सहावीच्या अखेरीस होणाऱ्या पीएसएलई परीक्षेत तिचे गुण धरले जातात.

“घरी हिंदी कोण बोलतं?”

“कोणीच नाही. आम्ही इंग्लिश बोलतो.”

“आणि तुमची ती दुसरी, गावाकडची?”

“मराठी? आजी बोलते, फोनवर. पण बाबा म्हणतात, अभ्यास आहे, आटप लवकर.”

मेस्त्री हात पुसत राहिला. मग म्हणाला, “माझ्या घरी होक्कियन होती. १९७९ला सरकारने सांगितलं, मँडरीन बोला. मुलांनी बोलली, चांगलं झालं. नातू मँडरीनमध्ये पहिला येतो. मला त्याच्याशी बोलायचं असतं तेव्हा शब्द सापडत नाहीत. होक्कियन त्याच्या कानावर कधी पडलीच नाही.”

एवढं बोलून तो सांध्याकडे वळला. पिन निघाली. त्याने ती पॉलिश पेपरने घासून लख्ख केली, नवे बुश घातले, ग्रीस भरलं आणि दिवा रिकामाच पन्नासएक वेळा वर-खाली केला. मगच खोकं उघडलं. ही मोटर एकाच दिशेने फिरते. अर्ध्या फेरीत दिवा वर, उरलेल्या अर्ध्या फेरीत खाली. क्रँक शाफ्टवर नेमक्या जागी बसला नाही तर झाकण बॉनेटच्या वर डोकावत राहतं. ती जागा त्याने जुन्या खुणेवरून जुळवली, लिंक चढवली, मुलाकडून मूठ फिरवून दिवा हाताने उचलून घेतला. शेवटी बॅटरी जोडली. दोन्ही दिवे एकदम उठले. मूठ झाकायला नवं टोपण बसवलं. सगळ्या बिलात सर्वांत स्वस्त वस्तू तीच होती.

घरी जाताना गृहस्थांनी मुलाला विचारलं, “आजीला आत्ता फोन लावूया?” साताऱ्यात तेव्हा दुपार होती. आजी उठलेलीच होती. त्या दिवशी कोणी आटप म्हणालं नाही. पुढे रात्रीच्या जेवणाला त्या घरात मराठी बोलणं सुरू झालं. पहिले काही दिवस मुलगा अडखळायचा, वाक्य मध्येच इंग्रजीत न्यायचा, आणि वडील त्याला तसंच जाऊ देत, थांबून राहत. आजी रोज वर्तमानपत्रातली एक बातमी त्याच्याकडून वाचून घेऊ लागली. तिच्याकडचा अंक तो फोनवर पाहायचा आणि अक्षरं जुळवायचा. हिंदीचे तिसरे सर महिनाभराने आले. तेही लागणारच होते. मराठीने हिंदीचं व्याकरण येत नाही. पण हे सर टिकले, कारण त्यांच्यासमोर आता देवनागरी बिचकत न वाचणारा मुलगा बसला होता.

गाडी तपासणीत पास झाली. रस्त्यावर काढायचा दिवस नसला तरी दर रविवारी बापलेक खाली जाऊन कापड बाजूला करतात आणि दोन्ही दिवे वर-खाली करून परत येतात.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना विनंती: दिवा उठेनासा झाला तर आधी लिंक सोडवून तो हाताने उचलून पाहा. हाताला जड लागला, तर नवी मोटर तोवर खोक्यातच राहू द्या.