जड उचलू नका, म्हणजे काय?

"आईला जड काही देऊ नका हं," मुलानं बजावलं. काकू ६८ वर्षांच्या. घरी भरलेली बादली उचलतात, नातवाला कडेवर घेतात. तेव्हा कुणी घाबरलं नाही. मी पाच किलोचं डंबेल पुढे केलं, तेव्हा घाबरले.

भीती खोटी नाही; चुकीचं उचललं तर दुखापत होते. पण न उचलताही स्नायू झिजतातच. १९९० साली अमेरिकेत नव्वदीच्या वृद्धांवर प्रयोग झाला. ८ आठवड्यांच्या व्यायामानं त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली.

मग जपणं म्हणजे काय? मी काकूंनाच विचारलं.

"जमिनीवरून उठताना कुणाचा हात लागू नये, बस."

शरीर त्यांचं, निर्णयही त्यांचा. माझं काम वजन बेतानं वाढवायचं. त्यांच्या वतीनं घाबरायचं नाही.