थंडी कोणाची?



आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या चौदाव्या श्लोकावर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तो पाठ असेल. इंद्रियांचा विषयांशी संपर्क आला की थंडी-ऊन, सुख-दुःख जाणवतं; ते येतं आणि जातं, कायम राहत नाही; म्हणून अर्जुना, ते सहन कर, असा साधारण अर्थ. मी हा श्लोक इंजिनिअरिंगला असल्यापासून वापरतोय. हो, 'वापरतोय' हाच शब्द बरोबर आहे. सबमिशनच्या रात्री वापरला, रिलीजच्या रात्री वापरला. आणि या फेब्रुवारीत गुलमर्गला तो मी माझ्या पाच वर्षांच्या लेकीवर वापरला. त्याबद्दल लिहायचं गेले दोन आठवडे टाळत होतो.

तिला पहिल्यांदा स्कीइंगला न्यायचं ठरलं तेव्हा तयारी मी एखाद्या प्रोजेक्टसारखी केली. एक्सेल शीट वगैरे. हसू नका. पुण्यात वाढलेल्या पोराला बर्फात काय घालायचं हे आपल्या घरात कोणालाच माहीत नसतं. आपला अनुभव स्वेटर-कानटोपीपर्यंतचा. वाचत गेलो तसं कळलं की एक जाडजूड स्वेटर घालण्यापेक्षा पातळ थर जास्त कामाचे. अंगाला लागून लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, आणि सगळ्यांत वर पाणी आत न येऊ देणारं जॅकेट आणि खांद्यावर पट्टे असलेली पँट, म्हणजे पडल्यावर कमरेतून बर्फ आत जात नाही. सुती बनियन अजिबात नको. सुती कापड घाम धरून ठेवतं, लवकर वाळत नाही, आणि पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. म्हणजे मूल गारठतं ते बाहेरच्या बर्फापेक्षा स्वतःच्या घामानं. लहान मुलांचं तर वजनाच्या मानानं अंगाचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे ती आपल्याआधी थंड पडतात. बोटं सुटी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र राहणारे मिटन बरे. मफलर नको, कुठेतरी अडकतो. गळ्यात नळीसारखी पट्टी घालायची. आजीनं विणलेली गोंड्याची कानटोपी हेल्मेटखाली बसत नाही, ती हॉटेलात घालायची. (हे आजीला सांगायचं काम बायकोनं माझ्यावर टाकलं.)

शीटमध्ये सगळं होतं. मोज्यांपुढे 'लांब, लोकरीचे, १ जोड' असंही मीच लिहिलं होतं. पण सकाळी आईचा फोन आला. "दोन-दोन मोजे घाल रे तिला, थंडी पायातूनच चढते." खिडकीबाहेर सगळं पांढरं, पारा शून्याच्या खाली. त्या क्षणी शीट विसरलो आणि दोन जोड घातले. मायेपोटीच घातले, यात शंका नाही.

गोंडोलाच्या तळाशी नवशिक्यांचा उतार आहे. तिथे पंधरा-वीस मिनिटं मजेत गेली. मग ती म्हणाली, "बाबा, पाय दुखतोय." मी म्हटलं, नवीन बूट आहेत, दुखणारच. थोड्या वेळानं म्हणाली, "बाबा, पाय गार पडलाय." मी म्हटलं, बर्फात आलोय ना आपण राणी. तिसऱ्यांदा ती रडायलाच लागली. तेव्हा मी खाली वाकून, अगदी शांत आवाजात तिला सांगितलं की श्रीकृष्णानं अर्जुनाला काय सांगितलं होतं माहितीये का, थंडी येते आणि जाते, शूर माणसं सहन करतात. ती गप्प झाली. मला वाटलं, समजलं तिला. थोडा अभिमानही वाटला. तिचा की माझा, ते आता नक्की सांगता येत नाही.

दहा-एक मिनिटांनी भाड्यानं स्की देणाऱ्या दुकानातले एक म्हातारे चाचा जवळून जाताना थांबले. तिच्या चालण्याकडे बघितलं, काही न विचारता बर्फात गुडघे टेकले, बुटाची बक्कलं उघडली आणि पाय बाहेर काढला. मोज्याची घडी पावलात रुतून लाल वळ उठला होता आणि बोटं पांढुरकी पडली होती. "साहब, एक ही मोज़ा," एवढंच म्हणाले. दोन मोज्यांनी पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही, आणि जो पाय ऊबदार ठेवायचा तोच गार पडतो. दोन्ही मोजे काढून त्यांनी ते पाऊल आपल्या फेरनच्या आत घेतलं आणि दोन्ही तळव्यांत धरून बसले. काही मिनिटांत रंग परत आला. गंभीर काही नव्हतं. पण मला तिच्याकडे बघवेना.

आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे. कोणी बग दाखवला की डेव्हलपर म्हणतो, माझ्या मशीनवर तर चालतंय. माझे पाय ऊबदार होते, मंडळी.

तेव्हापासून हा श्लोक नव्यानं वाचतोय. आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'विवेकचूडामणी'त तितिक्षेची व्याख्या फार कडक आहे: सगळी दुःखं, त्यांवर उपाय न शोधता, चिंता आणि विलाप न करता सोसणं. पण हे साधकाच्या स्वतःच्या दुःखाबद्दल आहे. त्यानं ती वाट स्वतः धरलेली असते. दुसऱ्याच्या दुःखावर उपाय शोधू नका, असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही. दुसऱ्याच्या दुःखाचा श्लोक गीतेत वेगळा आहे, सहाव्या अध्यायातला बत्तिसावा. तिथे भगवंत म्हणतात की जो सगळ्यांचं सुख-दुःख स्वतःवरून जोखतो, तो श्रेष्ठ योगी. माझ्या थंडीला दुसरा अध्याय आणि तिच्या थंडीला सहावा, इतकं सरळ होतं. मी अदलाबदल केली. माझं पाऊल गारठलं असतं तर मी पाच मिनिटांत बूट काढून बघितला असता, श्लोक आठवलाही नसता.

तुम्ही म्हणाल, मग मुलांना सोसायला शिकवायचंच नाही का? हा प्रश्न मलाही सुटलेला नाही. दुसऱ्या दिवशी ती सात-आठ वेळा पडली, मानेत बर्फ गेला, रडली, आणि मी काही तिला उचलून हॉटेलवर नेलं नाही. पण त्यात एक फरक होता असं वाटतं. पडल्यावर उठायचं की नाही, हे तिच्या हातात होतं. आदल्या दिवशी बुटाचं बक्कल तिच्या हातानं उघडत नव्हतं. अर्जुनाला सुद्धा सगळं सांगून झाल्यावर अठराव्या अध्यायात भगवंत म्हणतात की आता नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. ती मोकळीक मी पाच वर्षांच्या पोरीला दिली नाही, फक्त उपदेश दिला. आणि ती गप्प बसली याला मी सहनशीलता म्हणत होतो. ती फक्त सांगून दमली होती.

आणखी एक गोष्ट टोचते, तीही लिहूनच टाकतो. त्याच सकाळी हॉटेलपासून उतारापर्यंत आम्हाला स्लेजवरून ओढत नेणाऱ्या माणसाशी मी शंभर रुपयांवरून घासाघीस केली होती. त्याच्या पायात रबरी गमबूट होते. आत मोजे होते की नाही, कोण जाणे. त्याला मी श्लोक सांगितला नाही, कारण त्याला थंडी वाजत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी लेकीनं पाय पुढे केला. एकच मोजा, गुडघ्यापर्यंत ओढून, बोटानं सगळ्या सुरकुत्या काढल्या. थर्मलचं टोक बुटाच्या बाहेर ठेवलं. एकेक बक्कल लावलं आणि विचारलं, "घट्ट होतंय?"

तिनं पाय हलवून बघितला, जरा विचार केला.

"वरचं एक सैल कर."

केलं.