कायक आणि थकलेला देह

शरणबंधूंनो, कायकास श्रेष्ठ मानणाऱ्या आपणास एक प्रश्न टाळता येणार नाही : कायक करता करता झिजलेल्या देहाचा भार कोणी वाहावा?

सुरतेत लिंबायत, उधना भागांत यंत्रमाग चालतात. खानदेशातून पोटासाठी गेलेली पुष्कळ मराठी कुटुंबे तेथे राहतात. मागांच्या अखंड खडखडाटाने कान हळूहळू निकामी होतात. दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. वयाने कान मंदावतातच. त्यात हा आवाज. मग सोबत्याने दिलेली धोक्याची हाकही ऐकू येत नाही.

मालक म्हणेल, मजुरी दिली, ऋण फिटले. परंतु मजुरी श्रमाची असते, कानांची नव्हे. जेडर दासिमय्या स्वतः विणकर होते. बसवण्णांनी देहालाच मंदिराचा मान दिला. त्या मंदिराची पडझड मीटरमागे मिळणाऱ्या पैशांत कशी भरून निघेल?

मग वृद्धाला घरी बसवावे काय? नाही. त्याच भीतीने तो बहिरेपण लपवितो. कायक हिरावणे म्हणजे रक्षण नव्हे. कानांना आच्छादन, पुरेसा उजेड, कमी माग, रात्रपाळीतून सुटका, हे रक्षण होय. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ठरावीक कामगारांची वार्षिक तपासणी मालकाच्या खर्चाने सांगितली आहे. मात्र तो तपासणीचा कागद कामावरून काढण्याचे निमित्त होता कामा नये.

वाचकहो, तुमच्यांत कोणी कारखानदार असेल, कोणी मुकादम. दासोह केवळ मठातच घडतो असे नाही. ज्याच्या श्रमावर आपले घर उभे राहिले, त्याचे म्हातारपण सांभाळणे हाही दासोहच.