साक्षीदाराची सही

खरी गोष्ट सिद्ध करण्यासाठी माणूस थोडे खोटे बोलला, तर तो दोषी ठरतो काय? वर्गात शिकवताना हा प्रश्न मला कधी अडला नाही. तो अडला दोन वर्षांपूर्वी, बारामतीत माझ्या घराच्या ओसरीवर.

माझा एक जुना विद्यार्थी कॅनडात नोकरीला आहे. कायम राहण्याचा परवानाही त्याला मिळालेला आहे. मुलगी इंदापूरची. साखरपुडा होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. आधी थोरल्या बहिणीचे लग्न, मग उसाचे बिल, मग घराची डागडुजी, असे करीत वडिलांनी तिथी पुढे ढकलली. ती पहाटे उठे तेव्हा तो तिकडे संध्याकाळी कामावरून परतलेला असे. तेवढ्या अर्ध्या तासावर दोघांची चार वर्षे गेली.

एके दिवशी ती एकटीच आली. हातात टाइप केलेला कागद होता. कोण्या एजंटाने सांगितले होते, की ताज्या लग्नाचा तिकडच्या साहेबांना संशय येतो. तेव्हा दोन वर्षांपूर्वी जेजुरीला लग्न लागले असे दाखवा. दोघांचा गडावरचा, गळ्यात हार घातलेला फोटो होताच. हवी होती ती ‘मी त्या लग्नास हजर होतो’ या वाक्याखाली माझी सही.

मी सही केली नाही. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, “गुरुजी, आमचं प्रेम खोटं आहे का?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे मी नियम समजावून घेतले. वाग्दत्त वधूसाठी कॅनडात वेगळा परवाना नाही. लग्न तरी झालेले असावे, नाही तर किमान एक वर्ष एकत्र संसार केलेला असावा. लग्न आणि सहवास दोन्ही अशक्य असणाऱ्यांसाठी तिसरी वाट आहे; पण वडिलांचे उसाचे बिल काही त्या अशक्यतेत बसत नाही. 2015 पासून फोनवर लागलेले लग्नही चालत नाही. अमेरिकेत वाग्दत्त वधूला बोलावता येते, पण बोलावणारा तिथला नागरिक हवा आणि नव्वद दिवसांत लग्न व्हायला हवे. थोडक्यात, आईबापांचा शब्द राखून चार वर्षे दूर राहिलेल्या जोडप्याला कुठल्याच रकान्यात जागा नव्हती. मर्यादेने वागले हाच जणू त्यांचा अपराध!

मग माझे काय चुकले असते? जोडपे खरे होते, ओढ खरी होती. खोटी होती ती फक्त तारीख.

परंतु सही ही जोडप्यासाठी नसते. मला कधीही न पाहिलेला, दूर देशी बसलेला एक माणूस तिच्यावर विश्वास टाकतो. तो विश्वास मोडला, तर त्याची किंमत मागून येणारे मोजतात. 1979 साली लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या पस्तीस वर्षांच्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्यतपासणी करण्यात आली. ती आधीच विवाहित असावी, असा अधिकाऱ्यांना संशय होता. बातमी फुटल्यावर गदारोळ झाला आणि ती तपासणी बंद करावी लागली. त्या अधमपणाला कसलेच समर्थन नाही. तरीही सत्तेच्या हाती संशयाचे आयते निमित्त देणाऱ्यांत आपले नाव असू नये, एवढे मला वाटते.

तिच्या प्रश्नाचे उत्तर मला आमच्याच मातीत सापडले. इथल्या साखर कारखान्यांवर ऊसतोडीला येणाऱ्या नवराबायकोला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती जोडीला. म्हणून कित्येक लग्ने हंगामाआधी घाईने उरकतात. त्यात कोवळ्या मुली भरडल्या जातात, ते वाईटच. पण दोन जाणती माणसे गरजेपोटी लवकर बोहल्यावर चढली, म्हणून त्यांचा संसार खोटा ठरत नाही. गरजेने लग्न लवकर करणे वेगळे आणि न झालेले लग्न झाले म्हणणे वेगळे.

दुसऱ्या रविवारी मी इंदापूरला गेलो आणि तिच्या वडिलांपुढे सारे मांडले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “गुरुजी, पोरगी माझ्याऐवजी तुमच्याकडं का आली?” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

1954 च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीस दिवसांची नोटीस लागली. मुलगा रजा काढून आला. ना मांडव, ना वाजंत्री. तीन साक्षीदार मात्र कायद्याने हवेत. त्यांतला एक मी होतो. अर्ज गेला, महिने लोटले, आणि ती अखेर गेली.

आता ती सुखात आहे, म्हणून माझा निर्णय बरोबर होता, असे मी म्हणणार नाही. अर्ज फेटाळला गेला असता तरी मला हेच म्हणावे लागले असते. आणि तेव्हा ते म्हणताना माझी जीभ किती अडखळली असती, हे मला ठाऊक आहे. नकाराचा भार तिने वाहिला; मी केवळ एक सही राखली. ओसरीवर तिने विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो. तिला मी एवढेच सांगायला हवे होते: “नाही बाळ, तुमचं प्रेम खोटं नाही. म्हणूनच त्याला खोटा साक्षीदार नको.” ते त्या दिवशी सुचले नाही.