मला तर काहीच दिसलं नाही

‘प्रायव्हेट अकाउंटचे फोटो बघा, समोरच्याला कळणारही नाही’ असं सांगणारी एखादी साइट तुमच्याही समोर आली असेल. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून आधी एवढं सांगून टाकतो: ती चालत नाही. चालूच शकत नाही. इन्स्टाग्रामवर खातं प्रायव्हेट केलं की फोटो कुणाला द्यायचे हे त्यांचा सर्व्हर ठरवतो. तुम्ही फॉलोअर नसाल तर ते फोटो तुमच्या फोनपर्यंत येतच नाहीत. मग उघडणार काय? ‘फोटो शोधत आहे’ म्हणत पुढे सरकणारी पट्टी म्हणजे चार ओळींचा कोड. मागे धूसर दिसतो तो बहुतेक वेळा सगळ्यांना दिसणारा प्रोफाइल फोटोच. मग येतं ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’: सर्व्हे भरा, ॲप टाका, थोडे पैसे भरा. कमाई तिथे होते.

पिंपळनेरच्या एका पोराने मला मेसेज केला, ‘भाऊ, हाई खरंच चालस का?’ तोवर त्याचे यूपीआयवरून नऊशे रुपये गेले होते. मी वरचं सगळं समजावलं. ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मला तर काहीच दिसलं नाही. मग मी तिचं काय बिघडवलं?”

प्रश्न वाटतो तेवढा फालतू नाही. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये अदृश्य करणारी अंगठी सापडलेल्या मेंढपाळाची गोष्ट आहे. पकडलं जायची भीतीच उरली नाही तर सरळ कोण वागेल, असं तिथे विचारलं जातं. या साइट विकतात ती हीच अंगठी. ती नकली निघाली, पण बोटात घालणाऱ्याचा हेतू तर खरा होता.

आणि ती मुलगी? साक्रीच्या एसटीत कोण कुणाशेजारी बसलं हे बस पोचायच्या आधी घरी पोचतं, अशा गावात प्रायव्हेट अकाउंट म्हणजे आतून कडी लावता येणारी एकच खोली. बाहेर काय होतं तेही आपण पाहिलंय. जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावा’ला लावले गेले. मुंबई पोलिसांनी पकडलेल्यांत एकवीस वर्षांचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थीही होता. (आमच्याच बिरादरीतला.) कडी लावून तिने न बोलता ‘नको’ म्हटलं होतं. याला ते कळलं होतं, म्हणून तर हा मागच्या दाराने गेला. आत फोटो मिळाले की नाही, हा नंतरचा हिशेब.

पण ‘बरी अद्दल घडली’ म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. हा धंदा त्याच वाक्यावर चालतो. तक्रार करायला गेलं की पहिला प्रश्न येणार, ‘तू तिथे काय करत होतास?’ म्हणून कुणी जातच नाही. तो चुकला आणि तो फसवलाही गेला. यातलं एक दुसऱ्याने पुसलं जात नाही. मी त्याला १९३० वर फोन करायला लावला. केला त्याने, बराच अडखळत.

तिला सांगायचं का, हे मात्र आमचं ठरलेलं नाही. सांगितलं तर त्याचं मन हलकं होईल आणि जड तिचं. नाही सांगितलं, तर तिचं युजरनेम कुठल्या भामट्याच्या साइटवर टाइप झालंय हे तिला कधी कळणारच नाही. मला वाटतं सांगावं. तो म्हणतो, “भाऊ, मला याच गावात राहायचंय.” मी म्हटलं, तिलाही.